पोरांची आगगाडी

आमच्या गावच्या शाळेत ‘सोव्हिएत देश’चे अंक यायचे. हेडगुरुजींनी वर्गणी भरलेली असायची. वर्गणी अगदी नावाला, आणि कागद असा गुळगुळीत की वर माशी बसली तर घसरून पडावी. गुरुजींचं वाचून झालं की ते अंक पोरांत वाटले जात, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला. त्यामुळं बार्शीकडच्या त्या लहानशा गावात निम्म्या पोरांच्या वह्यांवर रशियाचे ट्रॅक्टर, धरणं आणि हसऱ्या गवळणी असायच्या. आतलं कुणी फारसं वाचत नसे. चित्रं मात्र वर्षभर डोळ्यांपुढं राहत.

पाचवीत माझ्या भूगोलाच्या वहीला जे पान आलं त्यावर एक छोटी आगगाडी होती. गाडीशेजारी दहा-बारा वर्षांची एक पोरगी उभी. अंगात रेल्वेचा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात गोल चकती बसवलेली काठी. खाली छापलं होतं की ही मुलांची रेल्वे आहे, आणि ती मुलंच चालवतात. वर्गातल्या पोरांना ते खोटं वाटलं. ‘फोटो काढण्यापुरती उभी केली असंल,’ असं सगळ्यांचं मत पडलं. मला तसं वाटायचं काही कारण नव्हतं. तसली एक पोरगी आमच्या घरात होतीच. आमची आक्का.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेत गेटमन होते. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी आमच्या शिवारातून जायची. बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती काढली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला. पुढं एकीकडं पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडं लातूरपर्यंत रूळ गेले. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. १९५४ साली सरकारनं ती कंपनीकडून घेतली, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं शेवटपर्यंत ‘कंपनीची गाडी’च म्हणायची. गाडी किती हळू चालायची, चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटून पुन्हा कसं चढता यायचं, हे विनोद तुम्ही ऐकलेच असतील, मी पुन्हा सांगत बसत नाही. हळू असली तरी ती आगगाडी होती. तिच्यापुढं आलेले बैल वाचत नसत.

गावातून सडकेला जाणारी वाट रूळ ओलांडायची, तिथं फाटक होतं आणि फाटकाला लागून आमची एक खोली. फोनबिन काही नव्हता. गाडी आली हे वेळेवरून कळायचं, नाहीतर शिट्टीवरून. रुळाच्या कडेला अलीकडं-पलीकडं दोन पाट्या होत्या, त्यांवर नुसतं ‘सी/फा’ लिहिलेलं. सीटी, फाटक. ती पाटी आली की ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची. पोरं त्या अक्षरांचे काहीही अर्थ लावायची. ‘सीताफळ’ हा माझा अर्थ होता.

पावसाळा सरता सरता आण्णांना हिवताप गाठायचा. दिवसाआडचा ताप. आज अंगावर दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजतायत आणि उद्या माणूस उठून भाकरी खातोय. आई रोजगारानं खुरपायला गेलेली असायची. तापाच्या दिवशी फाटक आक्काकडं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, चौथी करून शाळेतून निघालेली. धाकटीला सांभाळायचं, पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, त्यातच हे. अकराव्या वर्षी तिनं पहिल्यांदा एकटीनं गाडी काढली. ‘गाडी काढली’ हा आमच्या घरातला शब्द. बाकीचे लोक बैल काढतात, शेळ्या काढतात, आमच्यात गाडी काढायचे.

आण्णांनी तिला सगळं रीतसर शिकवलं होतं. आधी फाटक लावायचं, मग कुलूप, मग झेंडी धरायची. ‘उलटं केलंस तर झेंडी खोटं बोलली,’ असं ते म्हणायचे. रात्रीची हातबत्ती पुसून, वात कापून ठेवायची. हिरवी काच फिरवली की खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर काच मध्येच अडकली समजायचं आणि ड्रायव्हरला भलताच रंग दिसायचा. इंजिन पुढून गेलं म्हणून लगेच वळायचं नाही, शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहायचं. डबा सुटून मागं राहिला असेल तर ते गेटमनलाच आधी दिसतं. शेवटच्या डब्याला तांबडी बत्ती असते. ती दिसली म्हणजे गाडी पुरी गेली. मी हे सगळं शेजारी बसून ऐकलेलं, त्यामुळं मलाही तोंडपाठ. पण झेंडी माझ्या हातात कधी दिली गेली नाही. मी शाळेत जात होतो ना.

साहेब लोक तपासणीला ट्रॉलीवर बसून येत. चार माणसं रुळावरून पळत ट्रॉली ढकलायची, वर छत्री लावून साहेब बसलेला. ट्रॉली लांबून दिसली की आक्का झेंडी दाराशी टेकवायची आणि बाभळीमागं जाऊन बसायची. आण्णा तापातच उठून गणवेशाचा सदरा चढवायचे, दाराला धरून उभे राहायचे. ट्रॉली गेली की ते पुन्हा घोंगडीत आणि आक्का पुन्हा रुळाशी. अकरा वर्षांची पोर सरकारी झेंडी हातात घेते हे कुणाच्या कानावर जाऊन चालण्यासारखं नव्हतं, आणि त्यात साहेबाचं काही चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. नियम नियमाच्या जागी बरोबरच होता. आक्कालाही त्याचं वाईट वाटत नसे. बाभळीचा डिंक काढत बसायची.

एकदा गावातल्या एका बड्या माणसाची जीप फाटकाशी आली. आण्णा आत घोंगडीखाली. आक्कानं फाटक लावलेलं, कुलूप घातलेलं, किल्ली परकराच्या नाडीला बांधलेली. लांबवर धूर दिसत होता, पण गाडी यायला अजून पाच-सात मिनिटं सहज होती.

“ए पोरी, उघड. गाडी यायच्या आत जातो.”

“आता न्हाय उघडायचं.”

“तुझा बा कुठाय?”

“हायती आत.”

“बोलाव त्याला.”

“त्येंनीबी न्हाय उघडायचं आता.”

त्यानं हॉर्न वाजवला. खाली उतरून फाटक हलवून बघितलं. एक शिवी दिली, जी मी इथं लिहीत नाही. आक्का रुळाकडं तोंड करून उभी राहिली, तिचे पाय थरथरत होते ते मला दिसत होतं. आतून आण्णांच्या खोकल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. गाडी आली, गेली, शेवटचा डबा गेला, मग आक्कानं वळून कुलूप काढलं. रात्री आई म्हणाली, मोठ्या मानसाशी कशाला वाकडं घ्यायचं. आण्णा म्हणाले, “कुलपाला मोठा-बारका कळत नसतोय.” तेवढंच.

तर माझ्या भूगोलाच्या वहीवरची ती पोरगी आक्कानं बघितली. बराच वेळ बघितली. मग तिनं विचारलं, “हिला पगार किती आसंल रं?”

मला सांगता आलं नाही. पुढं मी मास्तर झालो, तालुक्याच्या आणि मग सोलापूरच्या वाचनालयात जाऊ लागलो, आणि या पोरांच्या रेल्वेबद्दल जे हाती लागेल ते वाचत गेलो. छंद म्हणा. घरात चेष्टाही व्हायची.

आपल्याकडं मुलांच्या गाड्या आहेत. पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ १९५६ सालापासून धावते, बोरिवलीच्या उद्यानात ‘वनराणी’ आहे. पण त्यात पोरं बसतात, मोठी माणसं चालवतात. मी म्हणतो ती रेल्वे उलटी. तिथं बसणारे कुणीही असोत. तिकीट देणारं, सांधा बदलणारं, गाडी सोडणारं पोर असतं. अशी पहिली मोठी रेल्वे १९३५ साली जॉर्जियाची राजधानी तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या त्बिलिसीत, मुश्ताइद नावाच्या बागेत २४ जूनला सुरू झाली. त्याच वर्षी लाझार कागानोविच सोव्हिएत रेल्वेचा प्रमुख झाला होता. देश अवाढव्य, रूळ वाढत चाललेले आणि शिकलेली माणसं कमी. लहानपणीच पोरं रुळावर आणली तर पुढं रेल्वेला माणसं मिळतील, हा हिशेब सरळ होता. त्याला लाल स्कार्फवाल्या पायोनिअर संघटनेची जोड मिळाली. मग प्रत्येक मोठ्या शहराला आपल्या इथंही हवी असं वाटू लागलं. १९३६ मध्ये द्नेप्रोपेत्रोव्स्क, १९३७ मध्ये मॉस्कोजवळचं क्रातोवो आणि आर्मेनियाचं येरेवान, १९३९ मध्ये गोर्की. खार्किव्हची १९४० साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी लढाई दारात आली. बऱ्याच ठिकाणी रूळ साडेसातशे मिलिमीटरचे, म्हणजे आमच्या गाडीच्या रुळांपेक्षा बोटभर जवळ.

बहुतेक गाड्या उन्हाळ्यात चालतात. हिवाळाभर पोरं वर्गात बसून शिकतात: सिग्नल, सांधे, तार, ब्रेक. आधी साधं काम, मग वरचं. कुणी डबा सांभाळतं, कुणी तिकीट तपासतं, कुणी स्टेशनमास्तर. काही ठिकाणी मोठ्या वयाची पोरं इंजिनावरही जातात, शेजारी पक्का ड्रायव्हर बसलेला असतो.

यात एक गोष्ट मात्र ‘सोव्हिएत देश’मध्ये छापून येण्यासारखी नव्हती. १९३७ साल हे क्रातोवोच्या पोरांनी पहिली शिट्टी फुंकण्याचं साल, आणि तेच स्टालिनच्या धरपकडीचं. कागानोविचच्या रेल्वेतली माणसं हजारांनी उचलली गेली. गाडी उशिरा आली, डबा घसरला, तर कुणीतरी मुद्दाम केलं, तो देशद्रोही, असा हिशेब. इंजिनिअर, स्टेशनमास्तर, ड्रायव्हर तुरुंगात गेले, कितीतरी गोळी घालून मारले गेले. त्यांच्यापैकी कुणाची पोरं त्या बागेतल्या गाडीवर काम करत असतील का, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. एका पोरानं शिकायचं की सांधा नीट बसला नाही तर गाडी घसरते, आणि त्याच्या बापाला मात्र न घसरवलेल्या गाडीची शिक्षा व्हायची. हे वाचल्यावर वहीवरचा तो फोटो माझ्यापुरता थोडा काळवंडला. खोटा नाही झाला. त्या पोरीनं चकती नीटच धरली होती.

लढाई संपल्यावर बंद पडलेल्यांतल्या कितीतरी पुन्हा उभ्या राहिल्या, नव्याही निघाल्या. कीव्हची १९५३ साली, मिन्स्कची १९५५ साली. सोव्हिएत संघाबाहेरही हे लोण गेलं. पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या बागेत १९५०ला, बर्लिनच्या वूलहायडेत १९५६ला. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा काही बंद पडल्या, रूळ भंगारात गेले. पण रशियात आजही पंचवीसच्या आसपास चालू आहेत, आणि कझानसारख्या शहरात तर २००७ साली नवी काढली. मला या सगळ्यात नवल वाटतं ते याचं. ज्या राज्यानं ही गाडी काढली ते गेलं, ज्या संघटनेचा स्कार्फ पोरांच्या गळ्यात होता ती गेली, आणि गाडी राहिली.

सगळ्यात लांब धावणारी बुडापेस्टला आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली. मुलगी नोकरीनिमित्त दोन वर्षं तिकडं होती, तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तिनं राजवाडा, पूल, नदीतली बोट असा कार्यक्रम आखला होता. मी म्हणालो, ते नंतर, आधी मला ती गाडी दाखव.

हंगेरीत १९४८च्या एप्रिलात कामाला सुरुवात झाली, ३१ जुलैला पहिला टप्पा सुरूसुद्धा झाला. पुढच्या वर्षी दुसरा, आणि २० ऑगस्ट १९५०ला बुडाच्या डोंगरातून अकरा किलोमीटरवर थोडी अशी पुरी लाईन. नाव पायोनिअर रेल्वे. १९९० साली राज्य बदललं तेव्हा ती नुसती मुलांची रेल्वे झाली. स्टेशनांची पक्षाची नावं काढून जुनी जागांची नावं परत आली. ‘एलोरे’, म्हणजे ‘पुढे चला’, ही पायोनिअरांची घोषणा एका स्टेशनाला होती. ते पुन्हा विरागव्होल्ज झालं, फुलांची दरी. दुसऱ्या एका स्टेशनाचं नाव सेपयुहासने. मुलीनं त्याचा अर्थ विचारून सांगितला: देखणी धनगरीण. आमची सौ. हसायलाच लागली. म्हणाली, आपल्याकडं असतं तर नेत्याचं नाव दिलं असतं. दिलं होतंच म्हणा. मधली चाळीस वर्षं त्या स्टेशनालाही पक्षाच्या एका हुतात्म्याचं नाव होतं.

आम्ही ट्रामनं ह्यूव्होशव्होल्जला उतरलो, म्हणजे गार दरीत. पायऱ्या चढून वर स्टेशन. खिडकीत बारा वर्षांचं पोरगं, टोपी कानांवर आलेली. मी तीन बोटं दाखवली. त्यानं पैसे मोजले, पुन्हा मोजले, सुटे दिले आणि तीन तिकिटं पुढं सरकवली. पुठ्ठ्याची, बोटभर लांब! बार्शीच्या खिडकीतून मिळायची तसलीच. मी ते तिकीट उलटसुलट करून बघत राहिलो, मागच्या माणसानं घसा खाकरला तेव्हा हललो.

रूळ बघितले, मान हलली. ७६० मिलिमीटर. आमची ७६२. दोन मिलिमीटरचा काय तो फरक. इंजिन रुमानियात बनलेलं डिझेल, ते मोठा माणूस चालवतो. बाकी सगळी पोरं. दहा ते चौदा वयाची. पोरं निवडून घेतात, चार महिने वर्ग होतो, मग परीक्षा. पास झालं की साधारण पंधरा दिवसांनी एकदा ड्यूटी. त्या दिवशी शाळेची सुटी, पण बुडालेला अभ्यास स्वतः भरून काढायचा. म्हणून शाळेत मार्क चांगले असलेलीच पोरं घेतात. हे ऐकलं तेव्हा मनात आलं, म्हणजे आमच्या आक्काला इथं घेतलं नसतं. चौथीनंतर शाळेतच नसलेल्या पोरीचे मार्क कोण बघणार? आणि तिला जे येत होतं ते यांच्या परीक्षेत पहिल्या नंबरात बसलं असतं. नियमाचं असं असतं. पण त्यांचंही खरं आहे, गाडीपायी शाळा सुटता कामा नये, हाच त्या नियमाचा अर्थ.

गाडी निघाली तेव्हा फलाटावरच्या पोरीनं हात टोपीला लावून सलामी दिली. हसली नाही. गाडी पुरी जाईपर्यंत हात खाली नाही आणि मान शेवटच्या डब्याबरोबर वळत गेली. मला ती वळणारी मान ओळखीची वाटली. लगेच एक बोगदा लागला. मग झाडी, वळणं, चढ. अकरा किलोमीटरला पाऊण तास! मी सौ.ला म्हणालो, बघ, वेगही आपलाच. एक पोरगी तिकीट तपासायला आली. चिमट्यानं भोक पाडलं, काहीतरी आभाराचं बोलली, पुढं गेली. तिच्या मागं एक पोरगं नुसतं बघत चाललं होतं. शिकाऊ असावं.

देखण्या धनगरणीच्या स्टेशनात समोरून गाडी यायची होती, म्हणून थांबलो. मी खाली उतरून स्टेशनच्या खोलीत डोकावलो. टेबलाशी पोरगं बसलेलं, फोन कानाला. पुढच्या स्टेशनातल्या पोराला विचारतंय, लाईन मोकळी आहे का. उत्तर आलं ते त्यानं मोठ्यानं परत म्हटलं, मग वहीत लिहिलं, वेळ टाकली. भिंतीला लागून खुर्चीवर गणवेशातली एक मोठी बाई बसली होती. तिचं लक्ष पूर्ण त्या वहीवर, पण ती बोलली मात्र एक अक्षर नाही. पोरानं लिहिलेलं काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. बाई गप्पच.

बाहेर एक सायकलवाला रूळ ओलांडायला आला. तरणाबांड माणूस, डोक्यावर हेल्मेट, घाईत. समोरची गाडी झाडीत कुठंतरी शिट्टी देत होती, दिसत नव्हती. फलाटावरच्या पोरीनं हात आडवा केला. तो काहीतरी बोलला, बहुतेक हेच, की गाडी यायच्या आत जातो. तिनं मान हलवली. हात तसाच. तो माणूस तिच्या दुप्पट उंच. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या मागं बघितलं. मागं दाराशी ती खुर्चीवरची बाई येऊन उभी होती, हाताची घडी घालून. सायकलवाला दोन पावलं मागं सरकला आणि पाणी प्यायला लागला.

मी डब्यात येऊन बसलो. सौ.नं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, जीप थांबवली. तिला जीपची गोष्ट माहीत आहे. लग्न झाल्यापासून ऐकतेय.

या पोरांना पगार नसतो. ड्यूटीचा दिवस, जेवण, उन्हाळ्यात शिबिर आणि टोपी. त्यातली थोडीच पुढं रेल्वेत जातात म्हणे. बाकीची डॉक्टर, मास्तर, काय व्हायचं ते होतात. एखादा म्हणेल, मग ही खेळातलीच रेल्वे झाली. मला ते पटत नाही. मी जी गाडी बघितली तिच्यात प्रवासी खरे होते आणि समोरून येणारी गाडीही खरी होती. त्या फोनवर पोरानं चुकीचं उत्तर लिहून घेतलं असतं तर दोन गाड्या एका रुळावर आल्या असत्या. तसं होऊ नये म्हणून ती बाई तिथं बसली होती. तिच्या गप्प बसण्याचे तिला पैसे मिळत असणार, आणि मास्तरकीत चौतीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, ते काम सोपं नाही. पोर पाटीवर चुकीचं लिहितंय हे दिसत असताना खडू हिसकावून न घेणं मला स्वतःला निवृत्तीच्या आसपास जमायला लागलं.

आमची बाजू रुंद झाली २००८ साली. अरुंद रूळ उखडले, मोठे आले, गाडीनं वेग घेतला. आमचं फाटक गेलं, तिथं आता रुळाखालून भुयारी रस्ता आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. खोली पाडली. बाभळ होती ती आधीच गेलेली. आण्णा त्याच्या कितीतरी आधी गेले. आक्का बार्शीत लेकाकडं असते. सत्तरीला टेकलीय, गुडघे दुखतात, नजर अजून लांबची चांगली आहे.

परत आल्यावर मी तिला भेटायला गेलो. सगळं सांगितलं, तिनं भाजी निवडत ऐकलं. तिकीट दिलं. तिनं ते हात लांब करून धरलं, बोटानं भोक चाचपलं.

“भोक मदी न्हाय पाडलं,” ती म्हणाली. “कडंला गेलंय.”

“शिकाऊ होतं एक. त्यानं पाडलं असंल.”

“आसंल.” पुन्हा चाचपलं. “पगार न्हाय म्हनतोस?”

“न्हाय. जेवण देतात. आन टोपी.”

“आन मागं मोठं मानूस?”

“असतं की. प्रत्येक स्टेशनात. बोलत न्हाय, नुसतं बघत बसतं.”

आक्का मेथीच्या काड्या मोडत राहिली. मला वाटलं विषय संपला. मग ती म्हणाली, “आण्णा खोकायचं.”

“कधी?”

“गाडी गेली, मी झेंडी गुंडाळली, की आतनं खोकायचं. येकदाच. ताप किती बी आसू दे. म्हंजी हायती जागं, आयकत हायती, आसं कळायचं मला. तुला न्हाय म्हाईत?”

मला माहीत नव्हतं. मी त्याच खोलीत असायचो, तापाचा खोकला म्हणून ऐकायचो.

“येकदा न्हाय खोकलं,” ती म्हणाली. “तवा मी पळत आत गेल्ते. डोळा लागला व्हता नुसता.”

मग तिनं तिकीट पानाच्या चंचीत घातलं, चंची गुंडाळून कमरेला खोवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.